सत्तेचाळीस इंच

आमच्या नणंदबाई अमरावतीला असतात. त्यांचा फोन आला की आधी "काय करून राहिली वं?" विचारतात आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत स्वतःचं सांगून मोकळ्या होतात. त्या दिवशी मी मांडीवर युनिफॉर्मचा फ्रॉक घेऊन काजं करत बसले होते. अकोल्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे, शाळेच्या गणवेशांचं. ताई म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत आमी पोट्ट्यायले घेऊन त्या मुंबईच्या अलीकडच्या मोठ्या पार्कात चाललो. झोके, पाणी, सगळं आहे म्हणे तिथी. तुमी चौघं बी चाला."

"ताई, आमचे पोट्टे लहान आहेत अजून," मी म्हटलं.

"लहान! एक आठची, एक चारचा. कायले लहान? आणि माहेवाले आहेत ना संगं."

त्यांची दोन्ही मुलं दहा-बाराची, शहाणीसुरती. मी "ह्यांना विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवला. सुईत दोरा काही केल्या जाईना.

धाकटा लहान आहे हे कारण लोकांना सांगायला बरं होतं. खरी गोष्ट थोरलीची होती. तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. अडीच वर्षांची असताना नागपूरला नेऊन ते बंद केलं. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहिणार नाही, अजूनही लिहवत नाही. पण नंतर अकोल्याचे डॉक्टर दरवर्षी तपासून सांगायचे, आता काही नाही, पळू द्या, खेळू द्या. मी मान डोलवायची आणि घरी आले की पुन्हा माझंच राज्य. जिना हळू चढ. सायकल नको. दोरीवरच्या उड्या तर नकोच नको. पहिलीत असताना मीच शाळेत चिठ्ठी दिली होती, हिला पळायच्या खेळात घेऊ नये म्हणून. मग खेळाच्या तासाला आमची मुलगी सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायची. बाई मला म्हणायच्या, फार जबाबदार आहे हो तुमची मुलगी. आणि मला काय अभिमान वाटायचा! आता हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

संध्याकाळी आमचे हे कामावरून आले. हे एस.टी.त मेकॅनिक आहेत. चहा पिता पिता मी फोनचं सांगितलं आणि लगेच म्हटलं, "मी नाही म्हणणार आहे."

"काहून?"

"काहून म्हणजे? धाकटा चार वर्षाचा आहे. गर्दीत हात सोडून पयते. दुपारी झोप नाही झाली तं डोकं उठवते."

हे माझ्याकडे बघत राहिले. ह्यांची ही सवय फार वाईट आहे. भांडत नाहीत, नुसते बघतात. मग म्हणाले, "बरं. मैदानावर आनंदमेळा लागला आहे ना. दोघायले घेऊन जाऊ. तिथी चार तास टिकले तं पार्कात टिकतील. नाही टिकले तं मीच ताईले नाही म्हणतो."

म्हणजे परीक्षा ठरली. मी धाकट्यासाठी अटींची यादीच केली. स्वतःचं पूर्ण नाव सांगता आलं पाहिजे. बाबांचा नंबर पाठ पाहिजे. शू लागली की आधी सांगायचं, झाल्यावर नाही. कडेवर घ्या म्हणायचं नाही. हरवला तर जिथे आहे तिथेच उभं राहायचं. एवढी कडक परीक्षा मोठ्यांनाही जड गेली असती. माझ्या मनात पाप होतं, ते सांगूनच टाकते. तो नापास व्हावा अशी माझी इच्छा होती. सगळं त्याच्या नावावर खपवून मला सुटायचं होतं.

पण तो बेटा पास झाला की! चार तास स्वतःच्या पायांनी चालला. धूळ, भोंगे, गर्दी, कशानं घाबरला नाही. शू लागली तेव्हा वेळेवर सांगितलं, तेही एवढ्या मोठ्यानं की आजूबाजूचे दहा जण हसले. एकदा मी मुद्दाम खांबाआड लपून पाहिलं. हा जागेवर उभा, हाताची घडी घालून, आणि शेजारच्या आजोबांना सांगतो, "माही आई हरवली."

मग आम्ही आकाशपाळण्यापाशी आलो. धाकटा बाबांचा हात ओढायला लागला. हे थोरलीला म्हणाले, "चाल, तू बी." मी तोंड उघडायच्या आधीच तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, ह्यांच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "तुमी जा. मी सामान सांभाळतो."

रडली नाही, रुसली नाही. नाइलाजाचा सूरही नव्हता. आपलं काम हेच, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. पाळण्याकडे तिनं वर बघितलंसुद्धा नाही. आठ वर्षांचं लेकरू, आणि वर बघत नाही! ह्यांनी धाकट्याला पाळण्यात बसवून फिरवून आणलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे चाल."

डॉक्टरांनी इको काढला. तिला दवाखान्याचा जिना दोनदा वरखाली पळायला लावलं. मी खाली उभी राहून पायऱ्या मोजत होते, आणि माझंच हृदय बाहेर यायची वेळ आली होती. ती मात्र लाल लाल तोंडानं धापा टाकत आली आणि म्हणाली, "अजून एकदा जाऊ?" डॉक्टर हसले. म्हणाले, "ताई, हिला झोक्यात बसवा, पाळण्यात बसवा, जिथे बाकीची मुलं बसतात तिथे बसवा. मी हे पाच वर्षांपासून सांगतोय."

"पण डॉक्टरसाहेब, तिथे पाटी असते ना, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये म्हणून."

"हिला हृदयाचा त्रास नाही. होता."

मी म्हटलं, "लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं. मी वाचलं, परत दिलं आणि म्हटलं, शिक्का मारा. त्यांनी शिक्काही मारला. हे बाजूला उभे राहून कपाळाला हात लावत होते. लावू देत. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घातला आणि वर दुसरं प्लास्टिक घातलं.

ताईंना हो म्हटलं. त्यांनी लगेच सांगितलं, "तिथी चार फुटाखालच्यायले त्या मोठ्या गाडीत, रोलर कोस्टरात, नाही बसू देत. पोट्टीची उंची पाहून ठेव." आता हे मला सांगायचं? पंधरा वर्षं झाली मी मापं घेते आहे. जूनमध्ये माझ्या दुकानासमोर पोरांची रांग लागते. मी थोरलीला भिंतीला टेकवून उभं केलं, टेप लावला आणि सांगितलं, एकोणपन्नास इंच. चार फुटांवर एक इंच चढ. तिनं ते ऐकलं मात्र, गल्लीत घरोघर जाऊन सांगून आली, "मी एकोणपन्नास आहो! मी मोठ्या गाडीत बसणार!" तो महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पार्कात आम्ही सकाळी पोचलो. धाकट्याबद्दल मी उगाच एवढा घोर लावून घेतला होता. तो छोट्या झोक्यांवर खूश होता, भूक लागली की खात होता आणि दुपारी बाबांच्या खांद्यावर टाकलेल्या गमछ्यात तोंड खुपसून झोपून गेला. हे त्याला घेऊन सावलीत बसले. ताई त्यांच्या दोघांना घेऊन पुढे निघाल्या आणि मी आणि थोरली त्यांच्या मागे. डोंगरावरून घरंगळत खाली येणारी ती मोठी आगगाडी होती. तिचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. पण मी ठरवलं होतं, आज तोंडातून नको हा शब्द काढायचा नाही. काढला असता तर ती मुकाट्यानं माझी पिशवी घेऊन बाजूला उभी राहिली असती, आणि ते मला पुन्हा बघवलं नसतं.

रांग पुढे सरकली. ताईंची मुलं आत गेली. फाटकावर निळी टोपी घातलेला एक माणूस होता. मी पर्समधून दोन प्लास्टिकमधला कागद काढून तयारच ठेवला होता. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. तो काही बोलायच्या आत मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "हे पहा, डॉक्टरचं लिहिलेलं आहे. शिक्क्यासकट."

त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. थोरलीला उंचीच्या पाटीखाली उभं केलं, डोक्यावरची आडवी पट्टी पाहिली आणि म्हणाला, "नहीं मॅडम. बच्ची छोटी है."

"छोटी कशी? एकोणपन्नास इंच आहे! मी स्वतः मोजली आहे. माझा धंदा आहे तो!"

"मॅडम, आप खुद देख लो."

पाहिलं. तिच्या डोक्यात आणि पट्टीत बोटभर जागा होती. माझ्या पर्समध्ये टेप कायम असतो. भर रांगेत मी तो काढला आणि तिथेच मोजलं. सत्तेचाळीस. पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई म्हणते, "ताई, वाढत्या अंगाचं शिवा, दोन वर्षं पुरलं पाहिजे." म्हणून पंधरा वर्षांत मी कोणत्याही लेकराचं माप दोन इंच वाढवल्याशिवाय सांगितलेलं नाही. हात आपोआप टेपखाली बोटं सरकवतो आणि तोंड आपोआप वाढवून बोलतं. घरी भिंतीपाशी मी पोरीला मोजलं होतं की गणवेशाला, देव जाणे. अव माय, काय करून बसले मी!

मागची माणसं कुरकुरायला लागली. मी खाली तिच्याकडे बघायला धजत नव्हते. महिनाभर गल्लीभर सांगत फिरलेली पोर. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं, मी पहिल्यांदा हो म्हटलं, आणि माझ्याच मापानं तिला फाटकातून परत फिरवलं. आता ती रडली तर मी काय करणार होते? आणि न रडता पिशवी मागितली तर?

तिनं त्या माणसाच्या बाहीला हात लावला. "काका, मले उंचीसाठीच नाही म्हणून राहिले ना?"

"हाँ बेटा."

"दुसऱ्या कायसाठी नाही?"

तो गोंधळला. "और क्या? खाना खाओ, बडी हो जाओ, फिर आना."

फाटकाच्या बाजूला परत पाठवलेल्या मुलांचा घोळका उभा होता, पाच-सहा जणांचा. कुणी रडत होतं, कुणी आईचा पदर ओढत होतं. ही तरातरा त्यांच्यात गेली. एका फुगलेल्या तोंडाच्या मुलीला म्हणाली, "तुले बी नाही बसू दिलं? मले बी नाही!" जणू बक्षीस मिळालं होतं. मग त्या मुलीच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि मला ओरडून विचारलं, "आई, आमच्यात उंच कोण आहे पाय ना!" मी सांगितलं, ती दुसरी उंच आहे, थोडीशीच. ह्यावरही ती हसली. पाचच मिनिटांत त्या सगळ्या बुटक्यांची टोळी छोट्या झोक्यांकडे पळत सुटली. ती त्यांच्यात सगळ्यात पुढे होती. मी "हळू" म्हणून ओरडणार होते. नाही ओरडले.

मी तिथल्याच कट्ट्यावर बसले आणि मला रडू फुटलं. चांगलं हमसून, आवाज करून. कुणी बघतंय का, याची पर्वा केली नाही. किती वर्षांचं होतं कोणास ठाऊक, एकदम मोकळं झालं. हे लांबून मला बघून धाकट्याला खांद्यावर घेऊन धावत आले. तोंड पांढरंफटक पडलं होतं ह्यांचं. एवढा घाबरलेला हा माणूस मी नागपूरनंतर पहिल्यांदाच पाहत होते.

"काय झालं? काय झालं तिले?"

"काही नाही झालं तिले," मी डोळे पुसत म्हटलं. "बुटकी आहे फक्त."