माझ्या घराचे मार्क

"काय गं, घरात लाइट, पंखा, चार खुर्च्या. आणि फुकटच्या पावडरीसाठी पोरगी काखेत घेऊन रांगेत उभी? लाज वाटत नाही?"

समाजमंदिरात सगळ्या बायांदेखत मॅडम बोलल्या. सायखेड्याजवळ आमचं गाव. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. लहान पोरांच्या तब्येतीचा अभ्यास करायला नाशिकहून जीप भरून माणसं आली होती, मॅडम त्यांच्यातल्याच. गरिबाघरच्या वाळलेल्या पोरांना वर्षभर डॉक्टर बघणार, औषध, ताकदीची पावडर देणार. माझी पोरगी तीन वर्षांची, नुसता सापळा. तिचं नाव यादीत यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

त्यासाठी आधी घराला मार्क. बाप किती शिकला, घरात काय काय हाय. मार्क जास्त पडले की नाव बाद. गरिबी मोजतात म्हणे! आम्ही जन्मभर ती अंगावर वागवतो, यांना फूटपट्टी लागते.

रांगेच्या आधी मार्क द्यायला मॅडम घरी येणार कळलं, तसं वस्तीनं नेहमीचंच केलं. पाव्हणा कुणाचाही असो, तो साऱ्या वस्तीचा. शेजारच्या कमळाबाईनं खुर्च्या धाडल्या, टेबलफॅन धाडला. वायरसुद्धा तिच्याच घरातून ओढली. मॅडम खुर्चीवर रुमाल टाकून बसल्या. चहाला हात लावला नाय. घरभर नजर फिरवली, फॉर्मवर खुणा केल्या नि गेल्या.

आता रांगेत मी म्हणाले, "मॅडम, ते सामान माझं नाय. तुम्ही येणार म्हणून शेजारणीनं दिलं."

"मग खोटं का दाखवलंस?"

"कुणाचं हाय, असं तुम्ही विचारलं कुठं?"

त्या हसल्या. "बरं. 'मी खोटं बोलले, माफी असावी,' असं तुझ्या नावानं लिहिते. अंगठा दे, घेते पोरीला."

शाईचा पॅड पुढं सरकवला. खरं सांगते, माझा हात पुढं गेला होता. पोरीपुढं आईची कसली आलीय अब्रू! पण मागं कमळाबाई उभी होती, तिनं मान खाली घातली. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ही बाईपण लबाड? आमची सारी वस्ती लबाड? एवढं शिकून पाव्हणचार कशाला म्हणतात ते कळत नाय, तर काय जाळायचंय ते शिक्षण?

"मला सही येते," मी म्हणाले. "सामान कुणाचं ते न विचारता लिहिलं, असं तुम्ही लिहा. त्याच्याखाली करते."

मॅडमनी यादी मिटली. "पोरगी मेली तर आम्हाला बोल लावू नकोस."

शब्दान् शब्द पाठ हाय मला. पोरीला एसटीनं नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेली. तीन आठवडे फरशीवर झोपले. मजुरी बुडाली, घरात उपास पडले. पोरगी जगली. मॅडमच्या मेहेरबानीनं नाय.

तेव्हापासून वस्तीत कुणी फॉर्म घेऊन आलं की मी बायांना गोळा करते. आलेल्याला सांगते, काय लिहिलंस ते आधी मोठ्यानं वाच. चुकलं असेल तर आमच्यासमोर खोड. नाय म्हणाला तर फॉर्म त्याच्या हातातून घेऊन तिथंच फाडते. मग तो नाशिकचा असो का दिल्लीचा.