वाटखुणेचा रकाना

किसनदादा गेल्याचं आमच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं. "ताई, दादा गेले. चढावर छातीत कळ आली, खाली आणेपर्यंत संपलं." मी घोडेगावच्या ऑफिसात होते. "बरं" एवढंच म्हणाले आणि समोरची फाईल पूर्ण केली. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या "बरं"ची लाज अजून वाटते, पण खरी लाज त्याच्याही आधीची आहे...

दादा आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीतले. आमच्या संस्थेचे आरोग्यसेवक म्हणून आयुष्यभर डोंगरातली घरं पायी फिरले. गुडघे दुखायला लागले तेव्हा संस्थेनं त्यांना ऑफिसात बसवलं, आणि पंचेचाळिशी उलटलेला हा माणूस कॉम्प्युटर शिकला. मी जुन्नरची, इंजिनिअर, तेव्हा नुकतीच लागलेली. रुग्णांच्या डेटाबेसची रचना बदलायची तर आम्ही आधी एक फाईल लिहायचो. तिच्यात एक भाग बदल करण्याचा, दुसरा तो मागे घेण्याचा. मग काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप केली की फाईल चालायची. याला मायग्रेशन म्हणतात. दादांना हे मी शिकवलं. त्यांनी स्वतः लिहिलेल्या पहिल्या फाईलनं तक्त्यात एक रकाना वाढला: वाटखूण. "पत्ता काय करायचाय, पोरी? आमच्याकडं पत्ता नसतोय, वाट असती," ते म्हणाले होते. मग नुसत्या आठवणीतून त्यांनी घराघराची वाट भरली. उंबराच्या मागनं वर, ओढा ओलांडून डावीकडं, अंगणात मोडका नांगर.

भातलावणीच्या दिवसांत एका दुपारी दादा सुट्टीवर निघाले. एसटी गाठायच्या घाईत त्यांचं लॉगिन उघडंच राहिलं. खरा डेटाबेस त्यांच्याच कॉम्प्युटरवरून उघडायचा. पत्ता सुटसुटीत करावा म्हणून मी नवी फाईल लिहिली होती: गाव आणि पिनकोड तेवढे ठेवायचे, बाकीचे जुने रकाने काढून टाकायचे. वाटखुणा नव्या जागी हलवणारी ओळ लिहायची राहून गेली, आणि आधी डेटाबेसच्या कॉपीवर चालवून बघायचा मी कंटाळा केला. दादांच्या खुर्चीत बसून एंटर दाबलं. चूक कळली तेव्हा मागे घेण्याची कमांड चालवली. रकाना परत आला... पण रिकामा. त्या कमांडनं रचना परत येते, पुसलेला मजकूर येत नाही. बॅकअप पाहिला, तर तो कधीचाच बंद पडलेला. मी कुणालाच काही बोलले नाही. दादा आले की त्यांच्याकडून पुन्हा भरून घेऊ, असं मनाशी ठरवून घरी गेले.

चौथ्या दिवशी दुपारी वरच्या एका वाडीतून बाळंतपणाचा फोन आला आणि लगेच तुटला. ड्रायव्हर तेव्हा नवा होता. टॅबवर त्याला गाव दिसलं, पिनकोड दिसला, वाटखूण रिकामी. धुक्यात दोन तास तो भलत्याच वाड्या धुंडाळत राहिला. बाई वाचली. बाळ वाचलं नाही.

चौकशीत नोंद निघाली: कमांड किसनदादांच्या लॉगिनवरून चाललेली. सगळ्यांसमोर त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"मीच चालवली," दादा म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मला रडू आवरेना. "गप," ते म्हणाले. "लॉगिन माजंच उघडं ऱ्हायलं व्हतं. आन् तुज्याबिगर हितं हे चालवणार कोण?"

त्यांना घरी पाठवलं. मी राहिले.

त्यानंतर तीन वर्षं दादा, आता आठवणीवर न विसंबता, त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी वाड्या फिरले. आठवड्याला फोन यायचा. "लिव," म्हणायचे आणि एकेका घराची वाट सांगायचे. मी टाइप करायची. दर वेळी वाटायचं, आज संस्थेला खरं सांगावं... शेवटच्या फोनवर म्हणाले, "वरच्या अंगाची धा-बारा घरं ऱ्हायल्यात. चढ लई हाये, पर उरकतो." त्याच चढावर ते गेले.

गेल्या आठवड्यात संस्थेला सगळं लेखी दिलं आणि दादांच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला. मी सांगितलं, कमांड माझी होती. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मला न्हाई सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "भांडण झालं का मी म्हणायची, तुमी लेकरू मारलंत. ताटावर बसलेल्या माणसाला म्हणायची, ताई. एक दिस तरी बोलायचं न्हाई का, मी न्हाई केलं म्हून?"

चहा तसाच राहिला.

निघाले तेव्हा दाराआड दादांचे गमबूट दिसले, टाचेला एकाच बाजूनं झिजलेले, चिखल वाळून पांढरा पडलेला. वहिनींनी ते उचलले, आतबाहेर पाहिलं, आणि कुठं ठेवावेत ते न सुचून पुन्हा तिथंच ठेवले.