फर्डीची पेटी आणि आमचा पंप

फर्डिनंड शेजारी असला की माणसाला वेगळा शत्रू लागत नाही, असं मी सत्त्याऐंशी सालापर्यंत म्हणत असे. त्याच्या तोंडावर म्हणत असे, मागून नाही. मागून बोलायची मला सवयच नाही, आमच्या ह्यांना विचारा.

वटार गावात आमची पानवेलींची वाडी आणि फर्डीचं घर ह्यांच्यामध्ये एकच कुंपण, तेही वाकलेलं. विजेचा खांबही दोघांत एक. फर्डी पंपाच्या मोटरी बांधायचा. जळकी मोटर त्याच्या ओट्यावर नेऊन टाकली की तो तिच्या पोटातली जुनी तार उपसून काढायचा, नवी भरायचा आणि मोटर पुन्हा पाणी ओढायला लागायची. ख्रिस्ती असोत की आमच्यासारखे हिंदू, गावातल्या सगळ्यांच्या वाड्या त्याच्या हातामुळे हिरव्या होत्या. हाताला गुण होता, हे मी भांडतानासुद्धा कबूल करायची. पण काम वेळेवर देईल तर शपथ.

कारण त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला होता. पाचूबंदरचा त्याचा एक मित्र बोटीवर कामाला होता. त्याने परदेशातून टीव्हीला जोडून खेळायचा कॉम्प्युटर आणला. फर्डी तो बघायला म्हणून गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी आलाच नाही. आला तो खुळा होऊनच. तसला कॉम्प्युटर विकत घ्यायचा तर त्याच्या बायकोच्या, सालोमीच्या, गळ्यातली साखळी गेली असती, आणि साखळीला हात लावला असता तर सालोमीने त्याला विहिरीत ढकललं असतं. मग हा म्हणाला, विकत कशाला घ्यायचा, मीच बनवतो.

आणि खरंच बनवायला बसला. मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचा, कधी एक चिप आणायचा, कधी दोन, रुमालात गुंडाळून, जणू कोंबडीची अंडीच. बटणं टायपिंगच्या एका मोडक्या मशीनची काढली. टेपरेकॉर्डर सासऱ्याने लग्नात दिलेला होता, तो कॅसेटवरून खेळ भरायला घेतला. टीव्ही घरातलाच, काळा-पांढरा. म्हणजे सालोमीचा रविवारचा सिनेमा गेला. ह्या सगळ्याला बाहेरून पेटी करून दिली सॅन्टन सुताराने. सॅन्टन गावातल्या मयतांच्या शवपेट्या करायचा. उरलेल्या फळ्या होत्या, त्यांची त्याने कॉम्प्युटरची पेटी केली आणि हाताच्या सवयीने दोन्ही बाजूंना पितळी कड्या ठोकल्या.

"बरं झालं," सालोमी म्हणाली. "पुरायला सोपी जाईल."

पण पेटी काही धड चालेना. कॅसेट लावली की आधी डुक्कर धरल्यासारखं केकाटायची, चांगली चार-पाच मिनिटं. मग पडद्यावर एक इवलासा माणूस यायचा. त्याने म्हणे दहा खोल्यांतून उड्या मारत कंदील गोळा करायचे आणि शेवटच्या दाराबाहेर पडायचं. तो दोन-तीन खोल्या ओलांडतो न ओलांडतो तोच सगळं गप्प. पडदा कोरा. पुन्हा पहिल्यापासून कॅसेट, पुन्हा ते केकाटणं. मी कुंपणावरून विचारायची, "काय रे फर्डी, आज कितव्या खोलीत मेला?" तो नुसता हसायचा. मला वाटायचं, ह्याला जमत नाहीये, उगाच पदरचं घालून नाद करतोय.

त्यात मे महिन्यात क्रुसाच्या सणाला सालोमीचा भाऊ आल्बर्ट कुवेतहून यायचा होता. त्याने फर्डीसाठी तिथल्या कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. फर्डीला जायचं नव्हतं. त्याला गावातच नाक्यावर एक खोली घेऊन तसल्या चार पेट्या मांडायच्या होत्या, येईल त्या पोराने तास-तासभर खेळावं म्हणून. शेवटी एकदा नवराबायकोत जोरात वाजलं, आम्ही अलीकडून सगळं ऐकलं. सालोमीने पैज घातली. सणाच्या संध्याकाळी, पाहुण्यांच्या देखत, तो बाहुला पहिल्या खोलीपासून शेवटच्या दारापर्यंत मध्ये बंद न पडता गेला पाहिजे. गेला तर फर्डी गावात राहील, मेला तर आल्बर्टबरोबर कुवेतला.

फर्डी म्हणाला, कबूल.

मी मनात म्हटलं, हा गेला तर मोटरी कोण बांधणार? आणि खोटं कशाला बोलू, मोटरींचं एक सोडा, सकाळी उठल्यावर मी भांडू कोणाशी?

सण रविवारी. शुक्रवारी सकाळी आमची मोटर जळली. मे महिना, नवी लावलेली पानवेल, दोन दिवस पाणी नाही मिळालं तर गेलीच. मी पदर खोचून फर्डीच्या ओट्यावर गेले. हा पेटी उघडून तिच्यात डोकं घालून बसलेला.

"वहिनी," तो म्हणाला, "सोमवारी सकाळी बसवून दिली तर चालेल?"

"सोमवारी वेलींच्या सरपणावर चहा करीन, तो प्यायला ये," मी म्हटलं. "तुला तुझा बाहुला महत्त्वाचा आणि आमचं वर्ष गेलं खड्ड्यात. ठेव तो खेळ बाजूला."

आणखीही पुष्कळ बोलले. तोंड सुटलं की मला आवरत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सालोमीकडे एकदा बघितलं, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाला, "आणा मोटर."

रविवारी दुपारी, सणाचा पांढरा सदरा घालून, बाह्या वर सारून, तो स्वतः येऊन मोटर बसवून गेला. पाणी पाटात धावलं. आमचे हे, पांडुरंग, खोरं घेऊन वाफ्यांत शिरले. दोन दिवसांची तहान होती, रात्र पडेपर्यंत पाणी द्यावं लागणार होतं.

संध्याकाळी क्रुसापुढची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, आणि अर्धं गाव फर्डीच्या घरात. मलाही बोलावणं होतं. आल्बर्ट खुर्चीत पुढे बसलेला, अंगाला अत्तराचा घमघमाट. सॅन्टन आपल्या पितळी कड्या सगळ्यांना दाखवत होता. फर्डीने कॅसेट लावली, केकाटणं झालं, बाहुला आला. पहिली खोली. दुसरी. तिसऱ्या खोलीत टीव्हीवरचं चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसलं, खोलीतला दिवा पिवळा पडला, आणि पडदा कोरा.

कोणीतरी हसलं. आल्बर्ट म्हणाला, "दाजी, बॅग भरायला लागा."

"आणखी एकदा," फर्डी म्हणाला. पुन्हा कॅसेट लावली. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. मला बघवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले तर सालोमी चुलीपाशी डोळे पुसत उभी.

"बाय," ती हळूच म्हणाली, "तुमचा पंप चालू असला की आमचं मशीन मरतं. खांब एकच ना. लाईटचा जोर कमी पडतो."

"काय म्हणतेस?"

"म्हणून तर सणाचा दिवस म्हटल्यावर तो लगेच कबूल झाला. आज आमच्या लोकांच्या सगळ्या वाड्या बंद. ह्या लाईनवर राहिला तुमचा एक पंप, तो शुक्रवारी जळला. मी म्हटलं, देव पावला, सोमवारी दे त्यांना मोटर. तर म्हणतो कसा, 'कुवेतहून मी परत येईन, मेलेली वेल परत येत नाही.' आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणाला."

मी तिथल्या तिथे पाटावर बसले. शुक्रवारी काय काय बोलले होते ते सगळं कानांत वाजायला लागलं. लाज वाटली, आणि रागही आला, त्याचा नाही, माझाच.

"पण तुलाच तर त्याला पाठवायचं होतं ना?"

"मला नाही पाठवायचं," सालोमी म्हणाली. "पैज रागात घातली. तुम्ही रागात काही बोलत नाही का?"

मी उठले. मागच्या दाराने निघाले. कुंपण वाकलेलं होतं ते त्या दिवशी उपयोगी पडलं. लुगडं काट्यात अडकलं, फाटलं, फाटू दे म्हटलं. पंपाच्या खोपटात शिरले आणि खटका खाली ओढला. पाण्याचा आवाज थांबला. अंधारातून हे ओरडले, "लाईट गेली का?"

"नाही. मी आले."

"अगं, शेवटचे वाफे राहिलेत."

"राहू दे. पंपाला हात लावाल तर बघा."

बायको खटक्यापुढे पाठ लावून का उभी आहे, ते आमच्या ह्यांना कळेना. मी सांगितलं. तेव्हा त्यांनी खोरं खाली ठेवलं, बंडीतून विडी काढली आणि बांधावर बसले. म्हणाले, "शुक्रवारी तू त्याला फार बोललीस."

"माहीत आहे मला."

पलीकडून कॅसेटचं केकाटणं अजून ऐकू येत होतं. जन्मात पहिल्यांदा ते मला गोड वाटलं. मग ते थांबलं आणि काहीच ऐकू येईना. एवढी माणसं घरात, पण चिटपाखराचा आवाज नाही. मी मनात त्या बाहुल्याबरोबर खोल्या चालत होते. आमच्या कुलदैवताला नारळ बोलले, आणि खात्रीला असावी म्हणून त्यांच्या क्रुसालाही मेणबत्ती बोलले. मध्येच वाटायचं, मेला असेल. मध्येच वाटायचं, नाही, मेला असता तर हसले असते.

मग एकदम कल्ला उठला. टाळ्या, शिट्ट्या, आणि सगळ्यांच्या वर सालोमीचा आवाज. ती हसत होती की रडत होती, ते काही कळलं नाही.

एवढ्यात कुंपणाशी बॅटरी चमकली. फर्डी होता. घरात अख्खं गाव त्याला खांद्यावर घ्यायला उभं, आल्बर्ट हात मिळवायला थांबलेला, आणि हा चिखल तुडवत आमच्या खोपटापाशी आला.

"वहिनी," तो म्हणाला, "झाला खेळ. आता चालू करा पंप. शेवटचे वाफे राहिले असतील."

त्याला चांगलं झाडावं म्हणून मी तोंड उघडलं. आधी सांगायला तुला जीभ नव्हती का, असं विचारणार होते. ते राहिलं. पदर डोळ्यांना लावला आणि खटक्यापुढून हलले नाही.

"वाफे अर्ध्या तासात काही मरत नाहीत," शेवटी म्हटलं. "सगळ्या गावाने बघितलं, मीच तेवढी राहिले. चल, आधी तो बाहुला मला दाखव."