तात्या ओढ्यात

“लग्न पार पडलं न्हवं? मग पत्रिका आना हिकडं.” असं म्हणत बाई कुणाच्याही दारात हात पसरून उभ्या. त्या हातावर लाडू ठेवला तर तो तोंडात, आणि हात पुन्हा पुढं.

रहिमतपुरात माझं फ्रेमचं दुकान. देव आणि वारलेली माणसं, एवढंच माझ्याकडं येणारं काम. त्यात या बाई आल्या. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. जलरंगात आमचाच मुलूख काढायच्या आणि त्यावर लग्नपत्रिकांचे तुकडे कातरून चिकटवायच्या. उसाचं पान म्हणजे कुणाचं तरी आडनाव, डोंगराची कड म्हणजे आख्खी भावकी.

आता आमची माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून लग्नाला न जाणारी. दुकानात चित्र आलं की कला बघतोय कोण! जो तो आपलं नाव हुडकणार आणि ‘मी माळावर, तू गोठ्यात’ म्हणून दुसऱ्याला डिवचणार. बाई मागं उभ्या राहून गालात हसायच्या. मुद्दाम करायच्या हो, मला खात्री आहे.

बाईंचं पहिलंच प्रदर्शन सांगलीला ठरलं. दुपारी टेम्पो येणार, आणि सकाळीच शेजारचे तात्या दुकानात आले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. त्यांना आपलं नाव सापडलं ते ओढ्यात, आणि धाकट्या भावाचं डोंगराच्या माथ्यावर. झालं! चित्र गावाबाहेर जाऊ देणार नाही म्हणून दारातच खुर्ची टाकून बसले. मी बाईंना बोलावणं धाडलं.

बाई आल्या आणि त्यांनी तात्यांच्या हातात कागद उचलायचा चिमटा दिला. “तुमीच काढा, तुमीच लावा. डोंगरावर लय जागा हाय.”

तात्या चष्मा लावून वाकले. नावाची कड उचलली आणि थांबले. शेजारीच, पाण्यात, बारीक अक्षरात काकूंचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं, नाव होतं. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तात्यांनी ती कड अंगठ्यानं दाबून परत बसवली.

“ऱ्हाऊ दे हितंच,” म्हणाले, आणि खुर्ची उचलून घरी गेले. त्या वेळी मात्र बाई हसल्या नाहीत.

चित्र सांगलीत विकलं गेलं. कुणी घेतलं ते एकट्या बाईंना ठाऊक, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाईच गेल्या. त्यांच्या फोटोला मी फ्रेम करत होतो, तेव्हा तात्या आले आणि खुर्ची ओढून बसले.

“आमी दोघं आता कुनाच्या घरात हाय,” ते म्हणाले, “ते कुनाला इचारायचं रं?”

मला बाईंचा असा राग आला म्हणून सांगू! निदान पत्ता तरी सांगून जायचं.