हाताशी ठेवलेल्या बोटी

उत्तराला उशीर म्हणजे समोरच्याचा अपमान, असं मानणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. मच्छीमार सोसायटीत नवा आलेला कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होता. बोटी, तांडेल, खलाशी, सगळ्यांची नोंद त्यात. एक नाव विचारलं की डिस्क खरखरत राही आणि साडूंचा जीव खालीवर होई. "रोज लागतं ते माळ्यावर कोण ठेवतं ओ?" ते म्हणत. माळा म्हणजे डिस्क, हाताशी म्हणजे मेमरी. उत्साहाच्या भरात त्यांनी एकदा सगळीच मेमरी नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसला देऊन टाकली, तेव्हा मशीन जागच्या जागी गुदमरलं. हे ते कुणाला सांगत नसत. मग मोजूनमापून वाटणी केली, मंजूर झालेला पंखा नाकारून जादा मेमरी मागवली आणि भर मे महिन्यात घामानं निथळत काम केलं. सकाळी मशीन सुरू झालं की आधी सगळ्या बोटींची नावं विचारून घेत, पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत तशी; म्हणजे ती दिवसभर हाताशी राहत. घरीही तोच कायदा. मला चहा पेल्यातून मिळे. "तुम्ही येणार दिवाळीला नि शिमग्याला. तुमच्या कपबशा माळ्यावर," असं तोंडावर सांगत.

एका दुपारी मी सोसायटीत साडूंपाशी बसलो असताना वारा उलटला. बोटी मिळेल त्या खाडीत शिरल्या. जयगडहून फोनवर नावं येत होती. मी लिहून घेई, साडू मशीनमध्ये भरत. खिडकीशी बायकांची ही दाटी! नाव उच्चारायचा अवकाश, की साडू सांगत, "लागली, मावशी. जयगडला." हा माणूस आपला साडू आहे, या विचारानं माझी छाती फुगली होती.

गर्दी ओसरल्यावर पावस गावची एक म्हातारी आली. "काय ओ, माज्या पोराची बोट लागली काय?"

साडूंनी बोटीचं नाव विचारून मशीनमध्ये घातलं. पापणी लवायच्या आत स्क्रीनवर उत्तर आलं: लागल्याची नोंद नाही. साडू तिच्याकडे वळले. "बस गो आये. मशीन आज जरा सावकाश चाललंय. शोधतंय."

तिला चहा दिला. पाऊण तास ते मशीन 'शोधत' राहिलं आणि साडू नुसतेच कीबोर्ड बडवत राहिले. अखेर फोन वाजला. मी नाव लिहून पुढे सरकवलं.

"मिळाली गो, मिळाली! जयगडला हाय!"

म्हातारीनं डोळे पुसले आणि जाताजाता सुनावलं, "नवी मशीन घ्या ओ. ही लय सुस्त हाय."

"होय गो आये," साडू मान खाली घालून म्हणाले.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी माझ्या खुर्चीवरून स्क्रीन दिसत होता, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.