सुभेदारांचा लाकडी गाडा

मलकापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या रिटायर्ड सुभेदारांच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती. तिथं नुसती लाकडं. फळ्या, पट्ट्या, प्लायचे तुकडे, कुणाच्या तरी खिडकीची मोडकी चौकट. मी पाणी तापवायच्या बंबात काही घालायला काढलं की हे कुंपणापाशी हजर. "आवं, लाकूड हाय ते, जळण न्हवं!" म्हणत माझ्या हातातून काढूनच घ्यायचे. मला राग यायचा, पण सुभेदारांपुढं बोलणार कोण?

परवा त्यांनी या पसाऱ्यासाठी चाकांचा गाडा बनवला. लांब फळ्यांना उभे कप्पे, तुकड्यांना खाली पेटी. चारही चाकं कुठल्याही दिशेला वळणारी लावली, तर गाडा उतारावरून वाकडातिकडा येऊन माझ्या स्कूटरवर आदळला. "शिस्त न्हाई ह्याला," म्हणाले आणि मागची दोन चाकं काढून सरळ चालणारी बसवली. मग कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक फळीवर ती कुठून आली ते लिहिलं. "हजेरी नको व्हय?"

काल मला स्टुलासाठी फळी हवी होती.

"न्या की, लय हायत."

मी एक जाड सागवानी फळी ओढली. त्यांनी पटकन माझा हात धरला. "ती सोडून."

फळी त्यांनीच उलटी करून दाखवली. मागं लिहिलं होतं, 'आबांचा पलंग. कापू नये.'

आबा म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर तो पलंग मीच बंबासाठी फोडला होता.