बिनलाकडाची गिटार

वैशाखात मी माझी गिटार माठाजवळ ठेवायची. दिग्रसच्या आमच्या घरात तेवढाच एक गार कोपरा होता. ऊन तापलं की तिचं लाकूड सुकायचं, मान किंचित वाकायची, आणि मग कितीही पिळलं तरी तिचा सूर पेटीशी जुळायचा नाही. माझे मामा बुद्ध-भीमगीतांची पार्टी चालवायचे. गायला ते स्वतः, पेटीवर एक म्हातारे मास्तर, ढोलकीवर मामांचे दोस्त, त्यांना मी काका म्हणायची, आणि गिटारवर मी. आमच्या भागात पार्टीत गिटार असणंच नवं होतं, त्यात ती बाईच्या हातात. लोक आधी मला बघायचे, मग ऐकायचे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. गावागावांतल्या मंडळांचा हात आखडला होता आणि आमचे कार्यक्रम कमी कमी होत चालले होते. पण बुद्ध पौर्णिमेचं बोलावणं कुठून ना कुठून यायचंच. त्या वर्षी ते वणीजवळच्या एका वस्तीतून आलं.

आम्ही टेम्पोनं पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती, तरी जमीन चटके देत होती. मी गिटार खोळीतून काढली, तार पिळायला लागले आणि कडकन आवाज झाला. तारा जिच्यात अडकवतात ती खालची पट्टी मुळापासून उखडून आली होती, सोबत लाकडाचा एक पापुद्राही.

मामांनी ती पट्टी हातात घेऊन पाहिली. "राहू दे, पोरी. आज पेटीवरच चालवू."

मंडळाचा एक कार्यकर्ता शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "कोळसा खाणीच्या कॉलनीत एक सर्व्हेअर साहेब हायेत, शिलाँगकडचे. रोज गिटार वाजवत बसतात. इचारून पाहू का?"

साहेब स्वतःच आले. मोटरसायकलवर, पाठीला गिटार बांधून, वर खोळ नाही की कापड नाही. ती काळीभोर होती. त्यांनी ती टिनाच्या भिंतीला उन्हातच टेकवली आणि पाणी प्यायला लागले. मी धावत जाऊन ती सावलीत आणली, तर हाताला तिची पाठ तव्यासारखी लागली. साहेब हसले.

"रहने दीजिए. इसको धूप नहीं लगती."

मी तारा छेडल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. मोटरसायकलवरून, त्या उन्हातून आलेली गिटार, आणि तिची एकही खुंटी पिळावी लागली नाही. मी पुन्हा छेडल्या. आवाज थांबतच नव्हता. माझ्या गिटारचा आवाज यायचा आणि बसायचा, हिचा निघाला की हवेत लांबत जायचा. तो आवाज मला आजही आठवतो.

"कोणतं लाकूड आहे?" मी विचारलं.

"लकड़ी नहीं है," साहेब म्हणाले. "कार्बन का धागा है. कपड़े जैसा बुनते हैं, फिर जमा देते हैं. मेरे भाई ने बाहर से भेजा."

काकांनी पाठीवर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. "कूलरच्या टाकीवानी लागते हे तं."

"आवाज तरी ऐका," मी म्हणाले.

"ऐकला नं. आवाजाले मी काही म्हनून नाही राह्यलो. हाताले टाकीवानी लागते एवढंच."

मास्तर मात्र डोळे मिटून बसले होते. ते पेटीचे भाते स्वतः दुरुस्त करायचे, सुराच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्यात शेवटचा. मी त्यांना विचारलं, कसं वाटलं. "सूर साफ हाय," ते म्हणाले. "लय साफ हाय. माणसाचा आवाज असा साफ नसते."

मला वाटलं साहेबांना राग येईल. पण त्यांनी मान हलवली. म्हणाले, मास्तर बरोबर बोलताहेत. लाकडाची गिटार वाजवता वाजवता म्हातारी होते, गोड होत जाते. ही कधी म्हातारी होणार नाही. मी गेल्यावरही ही अशीच राहील.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. गिटारची पाठ इतकी गुळगुळीत की माझ्या साडीवरून घसरायची. शेवटी मांडीवर टॉवेल घेतला. तीन-चार गाणी झाली आणि लाईट गेली. लोडशेडिंगचेच दिवस ते. माईक बंद, भोंगा बंद. माणसं कुजबुजायला लागली, पोरं उठायला लागली. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू वाजवत राह्य."

मी वाजवत राहिले. ढोलकी थांबली होती, पेटीही. पुढची माणसं आधी गप्प झाली, मग मागची. चंद्र नुकताच वर आला होता आणि त्या उजेडात पार शेवटच्या रांगेतल्या, झाडाखाली उभ्या असलेल्या बायाही वळून ऐकताना दिसत होत्या. एवढ्या मोकळ्या मैदानात बिनमाईकची गिटार तिथवर पोचत होती. माझीच बोटं चालत होती, पण हे मी करते आहे असं वाटत नव्हतं. मामांनी वरचा सूर लावला आणि तो त्या तारांवर असा बसला की मास्तरांनी पेटीवर नुसते टेकलेले हातही उचलून मांडीवर ठेवले ते गाणं संपेपर्यंत.

लाईट आली तशी एक म्हातारी मंचाजवळ आली. तिनं न विचारताच गिटारवरून हात फिरवला. बोटांची टोकं कापूस वेचून खरखरीत झालेली. काळ्या रंगाखालची वीण तिला लगेच कळली.

"हे तं इनलेलं हाय, बाई."

"हो आजी. कार्बनचा धागा आहे."

"कार्बन म्हंजे?"

"कोळसाच म्हना, आजी," कार्यकर्ता म्हणाला.

साहेब घाईनं सांगायला लागले की हा खाणीतला कोळसा नाही, हे वेगळं असतं. कुणी ऐकलं नाही. कोळशाचा धागा होतो आणि तो गातो, ही बातमी माझ्यासमोर रांगेरांगेनं मागे गेली. लोक येऊन, एक बोट लावून परत जात होते.

निघताना साहेबांनी गिटार मलाच दिली. म्हणाले, उन्हाळा सरेपर्यंत ठेवा, तुमची दुरुस्त झाली की आणून द्या. उरलेला सबंध उन्हाळा मी तिच्यावर वाजवलं. टेम्पोत, टिनाच्या शेडमध्ये, कुठंही. काकांनी टाकी म्हणणं सोडलं नाही, पण टेम्पोत चढताना ढोलकीआधी ते तीच मागायचे.

माझी गिटार दिग्रसच्या सुतारानं सरस लावून बसवून दिली. तिच्यावर हात टाकला तेव्हा मास्तरांचं म्हणणं मला थोडं कळलं. तिचा आवाज घोगरा होता, ओळखीचा होता. काळी गिटार परत करायच्या आदल्या दिवशी मी तिला मास्तरांकडे घेऊन गेले. त्यांनीच बोलावलं होतं. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, पाठीला कान लावला आणि मला म्हणाले, "एक तार छेड."

मी छेडली. आवाज विरेपर्यंत त्यांनी डोकं उचललं नाही. मग म्हणाले, "आनखी एक डाव."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. शेवटी त्यांनी गिटार माझ्या हातात दिली.

"माहं मत तेच हाय, हे लय साफ हाय," ते म्हणाले. "पन लाकडाबिगर हे कसं होते ते मले समजून नाही राह्यलं. एवढं आयुष्य सुरात गेलं, अन् हे समजत नाही."

बोलताना त्यांचा चेहरा उजळलेला होता. दुसऱ्या दिवशी मी बसनं वणीला गेले आणि साहेबांना त्यांची गिटार दिली.